पिवळ्या दोऱ्याचं कारलं

आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला की आधी तेलाचा वास येतो. मशीनच्या पातळ तेलाचा. त्याच्यामागून खडूचा, कोऱ्या सुती कापडाचा. आणि सगळ्यांच्या मागे, लाकडात मुरून बसलेला, भाजलेल्या जवसाचा. मशीनच्या खणात जवस कसा, असं कोणी विचारलं तर सांगावं लागेल की आमच्या घरात दोऱ्याची रिळं खणातून स्वयंपाकघरात जायची आणि परत येताना आईच्या बोटांचा मसाला घेऊन यायची.

ती मशीन आता माझ्या हुडकेश्वरच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीच्या दाराशी आहे. शेजारच्या पलंगावर आई. सक्करदऱ्याचं घर बंद केलं तेव्हा मशीन टेम्पोतून आली, आई माझ्या गाडीतून, आणि आल्यापासून दोघीही गप्प होत्या.

आईचा उजवा हात उन्हाळ्यात गेला. कसा गेला, का गेला, ते डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं होतं. मला आता त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो हात. दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी ती तो मांडीवर ठेवून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, हात थोडाफार परत येऊ शकतो, पण त्यांनी स्वतः तो वापरायला पाहिजे, आणि आधी नीट जेवायला पाहिजे. आई जेवत नव्हती. मी किंवा माझी बायको चमच्यानं भरवायचो, चार घास झाले की ती तोंड भिंतीकडे वळवायची. "भूक नाही." जिनं जन्मभर दुसऱ्यांना वाढलं तिला चमचा समोर आलेला पाहवत नसावा. तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. ते तिनं स्वतःच्या मापानं स्वतः शिवलेले होते.

तिनं जेवावं, एवढंच मला हवं होतं. रोज ताट परत नेताना मला वाटायचं, हे माझ्यामुळे आहे. का वाटायचं, ते सांगतो. कधी कोणाला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत संबोधी आली. माझी मुलगी, बंगळूरला नोकरीला आहे. येताना नवीन नियम घेऊन आली होती. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. मी फ्रिजचं दार उघडून उभा.

"पनीर?"

"नाही, बाबा."

"कढी करू? गोळ्याची?"

"बाबा, कढीत दही असतं."

"मग पोळीला तूप नाही, वरणावर तूप नाही. तू जगतेस कशावर, पोरी?"

तेव्हा पलंगावरून आवाज आला. "कारली कर."

आम्ही दोघंही वळलो. कित्येक दिवसांत ती न विचारता काही बोलली नव्हती.

"भरल्या कारल्यात काय असते दुधाचं? काईच नसते. कर."

संबोधी पळत तिच्याजवळ गेली. "आजी, म्हणजे भरली कारली वीगन आहेत!"

"ते काय असते वं?"

"प्राण्यांकडून आलेलं काहीच खायचं नाही. दूध, तूप, काही नाही."

आईनं विचार केला. "मंग त आमी जलमभर तेच होतो. तूप होतं कुठी घरात? आमाले लोक गरीब म्हनत. तुमाले काय म्हनतात ते?"

मला हसू आलं, पण हसताना माझं लक्ष मशीनच्या खणाकडे गेलं आणि मी तिथेच थांबलो.

*

दसऱ्याच्या आधी आमच्या सक्करदऱ्याच्या घरी कारली होत. दीक्षाभूमीला येणारे गावाकडचे नातेवाईक आमच्याकडे उतरत. घर दोन खोल्यांचं, पण त्या दिवसांत ते अंगणापर्यंत वाढायचं. दोरीवर पांढऱ्या लुगड्यांची रांग वाळत असायची, तिच्याखालून वाकून आम्ही पोरं न्हाणीपर्यंत जायचो, आणि ओलं पांढरं कापड गालाला लागायचं. पहाटे कोणीतरी वंदना म्हणायला सुरुवात करी, मग शेजारच्या घरातून तोच सूर पुढे उचलला जाई. मी अर्धवट झोपेत ऐकायचो. ओट्यावर चपलांचा ढीग, बिड्यांचा धूर, कापडी पिशव्यांत बांधून आणलेला नवा तांदूळ, त्याचा वास.

आणि अंगणात, सिगडीवर, मोठ्या कढईत कारली. पाहुण्यांना जेवायलाही आणि जाताना बांधून द्यायलाही. आई म्हणायची, दही-दूध घातलेलं वाटेत विटते, जवस-तिळाचं घरापर्यंत टिकते. परतीच्या गाडीत भाकरीवर एकेक कारलं ठेवून माणसं खात, आणि पुढल्या वर्षी आली की आधी कारल्याचं नाव काढत, मग आमचं.

कारलं भरलं की त्याला दोरा गुंडाळावा लागतो, नाहीतर मसाला बाहेर येतो. तो दोरा सगळ्यांच्या घरी पांढरा. आमच्या घरी रंगीत, कारण आई ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची आणि रिळं घरातच होती. कढई एक आणि तोंडं अनेक, म्हणून तिनं ही रीत काढली. निळा दोरा बाबांचा. निळा कोणाचा यावर आमच्या घरी चर्चाच होऊ शकत नव्हती. बाबांच्या कारल्यात मिरची इतकी की ते खाताना टाळूला हात लावत आणि "वा" म्हणत. हिरवा ताईचा, त्यात चिंच जास्त. पिवळा माझा, त्यात गूळ. पाहुण्यांचा पांढरा, त्यात सगळं बेतानं. कढईवर झाकण, झाकणावर पाणी. झाकण निघालं की त्या तपकिरी, तेलानं चमकणाऱ्या गर्दीत मी माझा पिवळा शोधायचो. हळदीनं आणि तिखटानं सगळे रंग एकमेकांच्या जवळ आलेले असत, तरी आपला दोरा आपल्याला ओळखू येई.

खाण्याआधी दोरा सोडवायचा. तो खेळच होता. टोक सापडलं की ओढत जायचं, कारलं ताटात गोल गोल फिरायचं. ताई सगळ्यांचे दोरे गोळा करून ताटाच्या काठावर लांबीनं लावायची आणि बाबांना चिडवायची, "बाबा, तुमचा सर्वांत मोठा. आई तुमाले आवळून ठेवते." बाबा म्हणायचे, "मनूनच त टिकलो." मी माझा पिवळा दोरा बोटाला गुंडाळून शाळेत न्यायचो. गणिताच्या तासाला तो नाकाशी धरला की जवस, गूळ, चिंच, सगळं अंगण वर्गात यायचं. संध्याकाळपर्यंत बोटावर पिवळी रेघ राहायची.

एक कारलं मात्र दरवेळी फुटे.

कढईत कुठेतरी एखाद्याचा दोरा निसटलेला असे. मसाला बाहेर सांडलेला, कडा काळपट, आकार गेलेला. ते कोणाला वाढण्यासारखं नसे. ते आईच्या ताटात जाई. आई सगळ्यांच्या नंतर, कढईजवळच बसून जेवायची, आणि मी उंबऱ्यावरून ते पाहायचो. एकदाही चुकलं नाही. दर वर्षी, दर वेळी, फुटकं ते तिचं. मला कळत होतं. मी लहान होतो, पण एवढा लहान नव्हतो. कधीतरी मनात यायचं की माझं तिला द्यावं आणि तिचं आपण घ्यावं. त्यावर मी काय करायचो, तर माझ्या पिवळ्या दोऱ्याच्या कारल्याभोवती हाताचा आडोसा करून पटपट खायचो. कोणी मागेल या भीतीनं. कोणीच मागत नव्हतं.

पुढे वीज केंद्रात नोकरी लागली. लग्न झालं, हा फ्लॅट झाला. बाबा गेले, ताई चंद्रपूरला नांदते आहे. आई सक्करदऱ्यालाच राहिली. मी रविवारी जायचो, तिच्या हातचं खायचो, ती डबा भरून द्यायची, मी घेऊन निघायचो. ती नंतर काय जेवते हे पाहायला मी थांबत नव्हतो. थांबलो असतो तर ते फुटकं कारलं पुन्हा दिसलं असतं. रस्त्यात तलावाच्या कडेला गाडी थांबवून मी कधी कधी उगाच उभा राहायचो. पाण्यावरून वारा यायचा, गाडीला अडकवलेला डबा अजून गरम असायचा.

*

रविवारी सकाळी मी सक्करदऱ्याच्या बाजारातूनच कारली आणली. हुडकेश्वरलाही मिळतात, पण मला तिथलीच हवी होती. लहान, काटेरी, हिरवीगार. बायको तिच्या मैत्रिणीकडे गेली होती आणि जाताना म्हणाली होती, "कढई जाळू नका." आईची खुर्ची मी स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली, पाठीशी उशी दिली. ती बसली आणि तिनं ओट्याकडे पाहिलं. शिवणकाम शिकायला आलेल्या मुलींकडे ती अशीच पाहायची.

"खरडून घे. सगळं सोलू नको, बावा. काटे तेवढे जाऊ दे."

मी खरडली. एका बाजूनं चीर दिली, बिया काढल्या, मीठ-हळद चोळून ठेवली. कारल्यांना पाणी सुटेपर्यंत जवस भाजायला घेतला. तो कढईत तडतडू लागला, एक दाणा उडून संबोधीच्या केसांत गेला. मग तीळ, मग किसलेलं सुकं खोबरं, मग शेंगदाणे. प्रत्येकाचा वास आधीच्याच्या अंगावर चढत गेला. आईचे डोळे मिटले होते. नाक मात्र जागं होतं.

"खोबरं उतरव. करपून राहिलं."

ती दारात होती, कढईतलं तिला दिसतही नव्हतं.

संबोधीनं सगळं मिक्सरमध्ये घातलं. आई खुर्चीतून ओरडली, "पीठ नको करू वं! दाताखाली आलं पायजे." मग भाजलेला कांदा, तिखट, धने-जिरे, चिंच, गूळ, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मी कारली पिळून घेतली आणि भरायला बसलो. दोरा नव्हता. संबोधी खालच्या दुकानातून चकाकतं पांढरं रीळ घेऊन आली.

"आन इकडे." आईनं डाव्या हातानं दोरा चिमटीत धरला, बोटांत फिरवला. "काडी लाव त्याले."

"काय?"

"काडी लाव मनते ना."

संबोधीनं टोकाला काडी लावली. दोरा आक्रसला आणि टोकाला काळी, कडक गोळी झाली.

"पाह्य. सुती असता त राख झाली असती. हे अन्नाले बांधते काय कोनी? मशीनच्या खनात पाह्य."

म्हणून मी तो खण उघडला. तिथे सगळी होती. निळं, हिरवं, पांढरं. पिवळ्या रिळावर थोडासाच दोरा उरला होता, आतलं लाकूड दिसत होतं. मी ती रिळं ओट्यावर मांडली. संबोधीला मी रंगांची गोष्ट सांगितली. तिनं निळा मागितला. आई म्हणाली, "घे. पन मंग तिखट खावं लागन." संबोधीनं हिरवा घेतला.

मी पहिलं कारलं गुंडाळलं आणि घट्ट गाठ मारली.

"गाठ काहून मारली?"

"सुटेल ना, आई."

"खानारा काय दातानं तोडन? टोक खाली दाबून दे. तेलात बसते ते."

मी गाठ सोडवू लागलो. ओल्या बोटांनी सुटेना. मान खाली होती, तिच्याकडे पाहायची गरज नव्हती, कदाचित म्हणूनच बोलता आलं.

"आई, एक सांगू?"

"सांग ना."

"तुझ्या ताटात नेहमी फुटलेलं कारलं असायचं. दर वेळी. मला दिसत होतं. मी उंबऱ्यावर बसून पाहायचो. एकदाही म्हटलं नाही की माझं घे. उलट माझं लपवून खायचो. नंतरही... इकडे राहायला आलो, तुला तिकडे ठेवलं, तेव्हाही मला तेच दिसायचं. सगळं चांगलं आम्ही घेतलं, आणि फुटकं तुला."

मिक्सरचं भांडं धुणारी संबोधी थांबली. नळ तसाच वाहत होता. मी वर पाहिलं तर आईचे खांदे हलत होते, आणि मला वाटलं, मी तिला रडवलं.

ती हसत होती. आजारानंतर तिचं तोंड हसताना एका बाजूला जास्त वळतं, त्यामुळे ते हसू आणखीच लबाड दिसत होतं.

"बापा बापा! अरे लेका, तू एवढी वर्सं हेच घेऊन बसला का?"

"म्हणजे?"

"ते काय आपोआप फुटत होतं? माह्या हाताखाली? कोन्या बाईचा ब्लाउज उसवला आजवर माह्या हातचा?"

माझी बोटं त्या गाठीवरच थांबली.

"एक मी मुद्दाम सैल बांधत होती. माह्यासाठी. आवळून बांधलं का मसाला आत कोंडते, भाजतच नाही. सैल असलं का तेलात उतरते, कडेले चिकटते, कुरकुरीत होते. अख्ख्या कढईत तेच एक मस्त लागे. तुह्या बाबालेही नव्हतं मालूम."

"मग आम्हाला का नाही दिलं कधी?"

"मागितलं कोनी? तुमाले त रंग पायजे होते." मग संबोधीकडे वळून, "अन् सांगितलं असतं त मले उरलं असतं काय? हावरट होते सगळे. हा पिवळ्यावाला सगळ्यात जास्ती."

संबोधी हसत हसत खाली बसली. मला हसताही येईना. इतकी वर्षं मी आईची कीव करत होतो, आणि ती कढईजवळ बसून मजेत जेवत होती. तिला काय आवडतं हे मी कधी विचारलं नव्हतं, तेवढं मात्र खरंच होतं. ते तिच्या हसण्यानं पुसलं गेलं नाही. पण त्याचं वजन बदललं. आता विचारता येण्यासारखं होतं. ती समोर बसली होती.

"दाखव ना, कसं बांधायचं," मी म्हणालो.

"दे इकडे एक."

मी भरलेलं कारलं तिच्या हातात दिलं. मग तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, उताणा करून मांडीवर ठेवला, आणि त्याच्या तळव्यात कारलं ठेवलं. पिवळ्या रिळाचं टोक दातांत धरलं. डाव्या हातानं रीळ फिरवलं, एकदा, सैल, मग आणखी एकदा. कारलं कलंडायला लागलं. संबोधी पुढे झाली, मी तिचा दंड धरून तिला थांबवलं.

आईचा उजवा अंगठा हलला. तो दोऱ्यावर आला. दाबलं, असं म्हणता येणार नाही. पण आला, आणि कारलं थांबलं.

आईनंही ते पाहिलं. तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "तेल तापव. तमाशा पाह्यत उभा नको राहू."

रिळावरचा पिवळा संपला होता.

मंद आचेवर कारल्यांना बराच वेळ लागला. झाकणावरचं पाणी आधी कोमट झालं, मग वाफाळलं. घरभर तो वास पसरला, पडद्यांत गेला, बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांत गेला. खाली रस्त्यावरून निळे झेंडे लावलेली एक गाडी गेली, दसऱ्यासाठी आलेली माणसं असावीत, आणि त्या गाडीतून वंदनेचा सूर वर आला आणि वळणावर विरला. आईनं मान त्या बाजूला वळवली आणि सूर ऐकू येईनासा झाला तरी तशीच ठेवली.

मी तीन ताटं वाढली. आईच्या ताटाशी चमचा ठेवला. तिनं तो बाजूला सारला.

तिचं कारलं फुटलं होतं. एका बाजूचा मसाला बाहेर येऊन तेलात तळला गेला होता, कडा काळ्या, पिवळा दोरा कुठेतरी घसरून टोकाशी गोळा झालेला. तिनं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, वेडावाकडा, आणि खायला लागली. थोडं अंगावर सांडलं. तिनं पाहिलंही नाही. एक घास, मग दुसरा, मग तिसरा. मी मोजत होतो, मग मोजायचं विसरलो.

मध्येच तिनं माझ्याकडे पाहिलं. आपल्या कारल्याचा एक तुकडा मोडून माझ्या ताटात टाकला.

"चाखून पाह्य."

मी चाखला. कडेचा तो करपट कुरकुरीतपणा, त्यात जवस, तेलात उतरलेला गूळ जवळजवळ साखरेच्या पाकासारखा झालेला, आणि शेवटी, सगळ्याच्या खाली, कारल्याचा स्वच्छ कडवटपणा. दोऱ्यात आवळलेल्या माझ्या पिवळ्या कारल्याला ही चव कधीच आली नव्हती.

"आई," मी म्हणालो, "हे तर..." आणि माझा हात आपोआप तिच्या ताटाकडे गेला.

आईनं डाव्या हाताचा आडोसा केला.

"ते माहं हाय," ती म्हणाली, आणि पुढचा घास मोडला.